सशाच्या पिल्लांची पोटं सकाळी पाहावीत

पाळलेल्या सशाची मादी बहुतेक वेळा रात्री किंवा पहाटे विते. सकाळी घरातलं कुणीतरी पिंजऱ्याशी जातं, तेव्हा एका कोपऱ्यात वाळल्या गवतावर केसांचा पुंजका दिसतो. त्याखाली काहीतरी वळवळत असतं आणि मादी मात्र दुसऱ्या टोकाला बसून घास खात असते. दुपारी तेच, संध्याकाळीही तेच. ती पिल्लांजवळ जात नाही, त्यांना चाटत नाही, पोटाशी घेत नाही. मग घरात काळजी सुरू होते की हिनं पिल्लं टाकली. कुणी गाईचं दूध कोमट करतं, कुणी कापसाची वात वळतं, कुणी औषधाच्या दुकानातून ड्रॉपर आणतं. दोन-तीन दिवसांत पिल्लं एकेक करून दगावतात आणि ‘आईनंच सोडलं, आपण काय करणार’ ही समजूत पक्की होते.

यातली दुःखाची गोष्ट ही की अशा कितीतरी घरांमध्ये पिल्लं उपाशी नव्हतीच. पहाटे त्यांचं दूध पिऊन झालेलं होतं. भरल्या पोटी ड्रॉपरनं दिलेलं दूध श्वासनळीत गेलं आणि त्यानं ती गेली. पिल्लांना दूध मिळतं की नाही, हे मादीच्या वागण्यावरून कधीच ठरवता येत नाही. ते पिल्लांकडे पाहूनच कळतं, आणि तेही ठरावीक वेळी पाहिलं तर. कुत्रा, मांजर, गाय, शेळी यांच्याबरोबर वाढलेल्या आपल्या डोळ्यांना हे पटायला वेळ लागतो, कारण या सगळ्या आया पिल्लाच्या आसपास असतात. सशाची आई नसते, आणि त्याला तसंच कारण आहे.

आपण पाळतो तो ससा मुळातला युरोपचा. त्याचे रानातले पूर्वज स्पेन-पोर्तुगालच्या बाजूचे, जमिनीत बिळं करून राहणारे. तिथल्या मादीला विण्याचे दिवस जवळ आले की बहुधा ती मुख्य बिळापासून बाजूला एक लहानसं बीळ उकरते, त्यात गवत नेते, छातीपोटाचे केस उपटून अंथरते आणि तिथे विते. विऊन झालं की बाहेर येते आणि बिळाचं तोंड मातीनं बुजवते. कोल्हा, रानमांजर, मुंगूस यांसारखे शिकारी वासावरून माग काढतात. मादी दिवसातून दहा वेळा तिथे गेली, तर ती स्वतःच शिकाऱ्याला वाट दाखवेल. म्हणून ती चोवीस तासांत एकदा जाते, तोंडावरची माती सारते, आत शिरते, तीन ते पाच मिनिटं दूध पाजते, बाहेर येऊन पुन्हा माती लोटते. पिल्लांपासून दूर राहणं हेच तिचं पिल्लांना राखणं.

ही गोष्ट प्रयोगानं नीट नोंदवली गेली ती १९६५ साली. अमेरिकेतले संशोधक झॅरो, डेनेनबर्ग आणि अँडरसन यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात सशाची पिल्लं किती वेळा दूध पितात यावर एक छोटा निबंध छापला. त्याचा निष्कर्ष हाच, की दिवसातून साधारण एकदा, आणि तेही काही मिनिटंच. नंतरच्या निरीक्षणांत काही माद्या दिवसातून दोनदाही घरट्यासाठी ठेवलेल्या पेटीत शिरताना दिसल्या आहेत, पण नियम एकदाचाच. पिंजऱ्यात जन्मलेली, बीळ कधी न पाहिलेली मादीही हाच नियम पाळते. तुम्ही दिवसभर पिंजऱ्यासमोर बसून राहिलात तरी ती मिनिटं तुमच्या नजरेला पडण्याची शक्यता फार कमी, कारण तिची वेळ बहुधा रात्रीची किंवा उजाडण्याआधीची असते.

दिवसातून एकदाच पिऊन भागायचं, तर दूधही तसंच हवं. गाईच्या दुधात प्रथिनं सुमारे सव्वातीन टक्के आणि स्निग्धांश साडेतीन-चार टक्के असतो. सशाच्या दुधात प्रथिनं १२ टक्क्यांच्या आसपास असतात, स्निग्धांशही १० ते १५ टक्क्यांपर्यंत जातो, आणि साखर मात्र नावालाच. त्या स्निग्धांशातली काही आम्लं जंतुनाशक असतात. ती पिल्लाच्या पोटात नको त्या जिवाणूंना वाढू देत नाहीत. गाईचं दूध पाजलेल्या पिल्लाला हगवण लागते त्यामागे हेही एक कारण आहे: त्या दुधात साखर जास्त, अन्न पातळ, आणि हे संरक्षण नाहीच. आईचं दूध पोटात गेल्यावर त्याचा दाट गोळा होतो आणि तो हळूहळू, जवळजवळ पुढच्या पाजण्यापर्यंत, पचत राहतो. हा गोळाच पुढे आपल्या उपयोगाला येणार आहे.

दूध पाजण्याची ती चार-पाच मिनिटं कशी घडतात हे कळलं की पिल्लांबद्दलचा आपला सगळा दृष्टिकोनच बदलतो. जन्मलेलं पिल्लू आंधळं असतं, बहिरं असतं, अंगावर केस नसतात. मोठ्या जातींत त्याचं वजन ५० ग्रॅमच्या आसपास, घरात पाळतात त्या लहान चणीच्या सशांत त्याहूनही कमी. अशा जिवाला सहा-आठ भावंडांच्या गर्दीत, अंधारात, सड शोधायचा असतो, तोही पटकन, कारण आई थांबणार नाही. त्याच्याकडे एकच साधन आहे, ते म्हणजे नाक. २००३ साली फ्रान्समधल्या दिजाँ इथल्या बनुआ शाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की सशिणीच्या दुधात एक विशिष्ट गंधद्रव्य असतं. काचेची कांडी त्या द्रव्यात बुडवून नुकत्याच जन्मलेल्या पिल्लापुढे धरली तर ते डोकं हलवत शोध घेऊ लागतं आणि कांडीच तोंडात धरायला बघतं. शिकवावं लागत नाही. या वासाच्या मागानं पिल्लू काही सेकंदांत सडापर्यंत पोचतं. एकाच सडाला चिकटून बसण्याची पद्धतही त्यांच्यात नाही. थोडं ओढायचं, सोडायचं, दुसऱ्यावर जायचं, असं पाच मिनिटांत बरेचदा होतं.

त्याहून मला विलक्षण वाटतं ते त्यांचं वेळेचं भान. रॉबिन हडसन आणि हान्स डिस्टेल या संशोधकांनी १९८२ मध्ये घरट्यातल्या पिल्लांच्या दिनक्रमाचा बारकाईनं अभ्यास मांडला. दिवसभर पिल्लं केसांच्या आणि गवताच्या थराखाली एकमेकांना चिकटून पडलेली असतात, शक्ती खर्च करत नाहीत. आईची वेळ जवळ आली की ती चळवळ करू लागतात आणि वरचा थर बाजूला सारून उघडी होऊन वाट पाहतात. आई येते, त्यांच्यावर उभी राहते, पाजते आणि उडी मारून निघून जाते. जाताना पेटीत एक-दोन लेंड्या टाकते, त्याही पिल्लं पुढे चघळतात. ती गेली की पिल्लं जवळपास एकदमच लघवी करतात, पुन्हा गवतात खोल शिरतात आणि कोरडी होऊन झोपतात. कुत्री-मांजरींप्रमाणे आईनं चाटून त्यांना लघवी करवावी लागत नाही. म्हणून ‘ही पिल्लांना चाटतसुद्धा नाही’ ही तक्रार सशिणीला लागू होत नाही.

आता मुद्द्याकडे. पिल्लं पाहायची कधी? सकाळी, उजाडल्यावर लवकरात लवकर. संध्याकाळी पाहिलंत तर पहाटेचं दूध बरंचसं पचून गेलेलं असतं, पोट सैल दिसतं, आणि चांगल्या पोसलेल्या पिल्लाबद्दलही शंका येते. काही माद्यांची वेळ संध्याकाळची असते. सलग दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा पाहिलं की तुमच्या मादीची वेळ लक्षात येते. मग रोज त्या वेळेनंतर एकदाच पाहायचं. दिवसातून पाच वेळा पेटी उघडणं हे मादीलाही घाबरवतं आणि पिल्लांची ऊबही घालवतं.

आधी मादीला दुसरीकडे न्यावं, पुढ्यात तिच्या आवडीचा लसूणघास टाकावा. हात साबणानं धुवून, कोरडे करून, तिच्याच पिंजऱ्यातल्या गवतावर चोळावेत. माणसाचा हात लागला की आई पिल्लांना टाकते, ही समजूत पाळीव सशाला लागू होत नाही. रोज ज्याच्या हातून खाते, त्या माणसाचा वास तिला परका नसतोच. परका वास म्हणजे सेंट, फिनेल, कुत्र्या-मांजराचा. तो मात्र टाळावा. आणि पिल्लं न पाहणं ही काळजी नव्हे. मेलेलं पिल्लू घरट्यात राहून गेलं तर बाकीचीही जातात, म्हणून पहिल्याच दिवशी केसांचा थर अलगद उचलून पिल्लं मोजावीत, मेलेली काढावीत, वार किंवा रक्तानं भिजलेलं गवत काढून कोरडं घालावं आणि तिचे केस पुन्हा जसेच्या तसे वर पसरावेत.

पेटीत हात घालण्याआधी क्षणभर नुसतं पाहा आणि ऐका. पोटभर प्यायलेली पिल्लं एका गठ्ठ्यात शांत पडलेली असतात. हात जवळ नेला तर थोडी चुळबुळ करतात, ऊब लागली म्हणून अंग ताणतात आणि पुन्हा निजतात. भुकेली पिल्लं हाताची चाहूल लागताच उसळून उठतात, माना वर करून तोंडानं शोधत राहतात, चिंचिंसारखा बारीक आवाज करतात, एकमेकांवरून सरपटत पेटीभर पांगतात. एक इशारा इथेच देऊन ठेवतो. नेमकं पाजण्याच्या वेळेआधी पाहिलंत तर चांगली पोसलेली पिल्लंही अशीच उसळतील. म्हणून नुसत्या उसळण्यावर निर्णय घेऊ नये. आणि फार भुकेलं, थंड पडलेलं पिल्लू उलट अगदीच गप्प असतं. त्या गप्पपणात आणि तृप्तीच्या शांततेत फरक आहे. तो हात लावला की कळतो: एक गरम असतं, दुसरं गार.

मग एक पिल्लू उचलून तळहातावर उताणं धरा. नुकतं प्यायलेल्या पिल्लाचं पोट गोल, ताठ, बरगड्यांपेक्षा रुंद दिसतं. पहिल्या चार-पाच दिवसांत कातडी इतकी पातळ असते की आतला दुधाचा गोळा पांढऱ्या डागासारखा बाहेरून दिसतो, पिल्लाच्या डाव्या अंगाला, शेवटच्या बरगडीच्या मागे. गोऱ्या कातडीच्या पिल्लात तो स्पष्ट दिसतो, काळ्या-करड्या पिल्लात उजेडाकडे धरून पाहावं लागतं. हा पांढरा डाग म्हणजे दूध मिळाल्याचा पुरावाच, इथे दुसऱ्या खुणेची गरज नाही. अंगावर केस आले की, साधारण आठवड्यानंतर, डाग दिसेनासा होतो. तोवर पोटाच्या गोलाईची नजरेला सवय झालेली असते.

उपाशी पिल्लाचं पोट आत गेलेलं असतं. कमरेजवळ खड्डा दिसतो, डोकं अंगाच्या मानानं मोठं वाटतं, आणि कातडी सुरकुतलेली, अंगाला सैल झालेली असते. मानेमागची कातडी दोन बोटांत हलकेच धरून सोडली तर चांगल्या पिल्लात ती लगेच जागेवर जाते. पाणी कमी झालेल्या पिल्लात ती उभी राहते, हळूहळू बसते. सुरकुत्या ही मला सगळ्यात भरवशाची खूण वाटते, कारण पोटाबद्दल मन फसतं, सुरकुत्यांबद्दल फसत नाही. फक्त जन्मल्याच्या पहिल्या काही तासांत पिल्लू जरा सुरकुतलेलं दिसतं, तेवढं सोडून द्यावं.

नजरेवर विश्वास नसेल तर काटा आणावा. स्वयंपाकघरात वापरतात तो एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा पुरतो. त्यावर एक वाटी, वाटीत मऊ फडकं, आणि रोज एकाच वेळी एकेका पिल्लाचं वजन वहीत. पिल्लांच्या कानाच्या आत स्केचपेननं वेगवेगळ्या खुणा केल्या की ओळखता येतात. निरोगी पिल्लाचं वजन पहिल्या आठवड्यात जवळपास दुप्पट होतं, तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी सहापट किंवा त्याहून जास्त. एखाद्या दिवशी वजन वाढलं नाही तर घाबरायचं कारण नाही. सलग दोन दिवस घटलं तर हालचाल करायची.

पहिला दिवस मात्र वेगळा मोजायचा. काही माद्यांना, विशेषतः पहिलटकरणींना, पान्हा फुटायला वेळ लागतो. वासराला पहिल्या काही तासांत चीक मिळाला नाही तर ते धोक्यात येतं, कारण रोगांशी लढणारी द्रव्यं त्याला चिकातूनच मिळतात. सशाच्या पिल्लाला त्यातली बरीचशी जन्माआधीच, आईच्या पोटात, मिळालेली असतात. शिवाय मान-खांद्यांभोवती ऊब निर्माण करणारी विशेष चरबी घेऊन ते जन्मतं. म्हणून घरटं उबदार असेल तर पिल्लू पहिले २४ तास दुधाशिवाय काढू शकतं. पहिल्या सकाळी पोटं रिकामी दिसली तर घरटं, ऊब, मादीचा खुराक-पाणी एवढं पाहावं आणि थांबावं. दुसऱ्या सकाळीही सगळ्यांची पोटं रिकामीच असतील, तर मात्र थांबू नये.

इथे एक फरक नीट लक्षात घेतला पाहिजे. सगळीच पिल्लं उपाशी असतील तर अडचण मादीत आहे. एक-दोनच उपाशी असतील तर मादी पाजते आहे, अडचण वाटणीत आहे. सशिणीला बहुधा आठ सड असतात, कधी एखाद-दुसरा जास्त. वेतात दहा-अकरा पिल्लं झाली तर त्या चार मिनिटांत सगळ्यात लहान मागे पडतं, आज मागे पडलं म्हणून उद्या आणखी अशक्त होतं. त्याच्यासाठी सोपा उपाय आहे. धष्टपुष्ट पिल्लं काही मिनिटं दुसऱ्या उबदार डब्यात ठेवावीत, लहानग्यांना आधी पिऊ द्यावं आणि मग बाकीची परत सोडावीत. दोन माद्या एक-दोन दिवसांच्या अंतरानं व्यायल्या असतील तर जास्तीची पिल्लं दुसरीकडे द्यावीत. पहिल्या दोन-तीन दिवसांत, तिच्या घरट्यातल्या केसांत थोडा वेळ लोळवून ठेवलेली परकी पिल्लं मादी सहज स्वीकारते. ससेपालन करणारे शेतकरी म्हणूनच दोन-तीन माद्या एकाच दिवशी भरवतात. राजस्थानातल्या अविकानगरची केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आणि तिचं तमिळनाडूतलं मन्नवनूरचं केंद्र इथे व्हाइट जायंट, सोव्हिएत चिंचिला या जातींवर काम होतं. या मोठ्या जातींत वेतंही मोठी होतात आणि पिल्लांची अशी वाटणी नेहमीचीच असते.

मादीच पाजत नसेल तर कारण शोधावं लागतं. आधी तिची कास चाचपून पाहावी. सड लाल, गरम, कडक लागत असतील, काही ठिकाणी निळसर झाले असतील, तर ती कासेची दगडी. तिला पाजताना वेदना होतात म्हणून ती पेटीत जात नाही. अशा वेळी एक क्षणही न दवडता जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावं. सशांना काही प्रतिजैविकं, विशेषतः तोंडानं दिलेली पेनिसिलिन गटातली, जीवघेणी ठरतात, त्यामुळे गाई-म्हशींसाठी घरात असलेलं औषध अंदाजानं देऊ नये. अशा मादीची पिल्लंही दुसऱ्या मादीखाली सोडू नयेत, संसर्ग तिलाही होतो.

कास चांगली असेल तर पाणी पाहा. दूध देणारी मोठ्या जातीची मादी दिवसाला एक लिटरच्या आसपास पाणी पिऊ शकते. निपलची नळी तुंबलेली असते आणि ते दोन दिवस कुणाच्या लक्षात येत नाही, असं वारंवार होतं. आपल्याकडे तिसरं कारण म्हणजे ऊन. सशाला घाम येत नाही, उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्यतः कान आहेत. विदर्भ-मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा मादीचं खाणं घटतं आणि पाठोपाठ दूधही. माझं मत स्पष्ट आहे: एप्रिल-मे मध्ये पिल्लं होतील अशा बेतानं नर-मादी एकत्र सोडूच नयेत. गाभणपण ३१ दिवसांचं असतं, हिशेब करणं अवघड नाही. सोडली गेलीच असतील तर ओलं गोणपाट, वारा, सावली यांची सोय करावी आणि घरट्यातले थोडे केस काढावेत. उन्हाळ्यात पिल्लं गठ्ठा सोडून हातपाय पसरून पांगली असतील तर ती भुकेनं नव्हे, उकाड्यानं. पोटं पाहिली की दोन्हींतला फरक कळतो.

आणि पेटी चुकीच्या जागी असली तरी मादी बिथरते. जिथे ती लघवी करते त्या कोपऱ्यात पेटी ठेवली तर ती पेटीलाच संडास समजते. कुत्रं भुंकतं, टीव्ही लागतो, मुलं वाकून पाहतात अशा जागी तिला आत शिरायचं धाडस होत नाही. पेटी गाभणपणाच्या २८व्या दिवशीच ठेवावी, अंधाऱ्या बाजूला, तळाशी लाकडाचा भुसा आणि वर भरपूर वाळलं गवत घालून. काथ्याही चालतो, पण लांब दोरे पिल्लांच्या पायांना गुंडाळले जाणार नाहीत हे पाहून. पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. लाल मुंग्या एका रात्रीत सगळं वेत संपवतात.

हे सगळं ठीक करूनही ती पाजत नसेल, तर तिला पेटीत पिल्लांवर अलगद उभं करावं, पाठीवर हात ठेवून चार-पाच मिनिटं शांतपणे रोखून धरावं आणि खाली पिल्लांना आपलं काम करू द्यावं. गंध त्यांना वाट दाखवतो. सकाळी एकदा, असं दोन-तीन दिवस केलं की बहुतेक माद्या स्वतःहून जाऊ लागतात. तिला उताणं पाडून पिल्लं पोटावर ठेवण्याची पद्धत काही जण सांगतात. मी तिच्या विरोधात आहे. ससा उताणा पडला की निपचित होतो तो आरामात म्हणून नव्हे, भीतीनं, आणि झटापटीत त्याचा कणा मोडू शकतो.

पाजून उडी मारताना कधी एखादं पिल्लू सडाला लटकून पेटीबाहेर पडतं. मांजरीप्रमाणे मादी त्याला तोंडात धरून परत आणत नाही, तशी तिची जातच नाही. ते पिंजऱ्याच्या जाळीवर गार पडून राहतं. ते मेलेलं वाटलं तरी फेकू नका. बंद मुठीत, कपड्यात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीशेजारी, सावकाश गरम करा. अर्ध्या-पाऊण तासानं हलू लागलेली पिल्लं अनेकांनी पाहिली आहेत. पूर्ण गरम झाल्यावरच पेटीत ठेवा. आणि गार पिल्लाला कधीही दूध पाजू नका, त्याला ते गिळताही येत नाही आणि पचतही नाही.

वरचं दूध पाजणं हा शेवटचा मार्ग, मादी मेली किंवा दूधच आलं नाही तेव्हाचा. तेव्हाही गाईच्या दुधापेक्षा मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर किंवा शेळीचं दूध बरं, अर्थात तेही सशाच्या दुधापुढे पातळच. पिल्लू उताणं न धरता, बसतं करून, सुईविरहित एक मिलिलिटरची सिरिंज ओठांच्या कडेला लावून, थेंब थेंब. नाकातून दूध आलं तर लगेच थांबायचं. एका वेळी पोट ताठ होईपर्यंत भरायचं नाही, दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं द्यायचं, आणि पाजून झाल्यावर ओल्या कोमट कापसानं पोटाखालचा भाग हळुवार पुसायचा. इतकं करूनही अशी पिल्लं वाचतातच असं नाही. म्हणून दुसरी व्यायलेली मादी कुठे मिळते का, याचा शोध आधी घ्यावा.

दहाव्या-अकराव्या दिवशी डोळे उघडतात. अठरा-वीस दिवसांची पिल्लं पेटीबाहेर येऊन आईचं गवत कुरतडू लागतात. त्याच सुमारास मादीचं दूध सर्वांत जास्त असतं, मोठ्या जातीत दिवसाला २०० ग्रॅमच्या वर. त्या वयात पिल्लं तिच्यामागे धावतात आणि ती त्यांना झिडकारते. तेही वाईट नाही, तिची वेळ झालेली नसते एवढंच. नर मात्र विण्याआधीच वेगळा केलेला असावा. मादी व्यायल्याच्या दिवशीही पुन्हा गाभण राहू शकते, आणि अंगावर पिणारं वेत नि पोटात वाढणारं वेत असा दुहेरी भार तिच्या दुधावर येतो.

आपल्या रानातला ससा याहून वेगळा प्राणी आहे. तो बीळ करत नाही. त्याची पिल्लं अंगभर केस घेऊन, डोळे उघडे ठेवूनच जन्मतात आणि गवतात किंवा पिकात वेगवेगळी दबून बसतात. आई दिवसभर दूर असते आणि अंधार पडल्यावर पाजायला येते. ऊसतोडीच्या, कापणीच्या दिवसांत असं एकटं बसलेलं पिल्लू दिसतं आणि लोक ‘आईनं टाकलंय’ म्हणून घरी आणतात. ते टाकलेलं नसतं. रानसशाला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे संरक्षण आहे, त्याला घरी ठेवणं गुन्हा आहे. पिल्लू धडधाकट असेल तर जिथे सापडलं तिथेच, जवळच्या गवताच्या आडोशाला ठेवून लांब व्हा आणि रात्री तिकडे कुत्री जाणार नाहीत एवढं पाहा. जखमी असेल, किंवा शेतच पेटवलं जाणार असेल, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.